घंटा जराशी आधी मारा

विचारमंथन हा शब्द त्या जुलै महिन्यात मी इतक्या वेळा ऐकला, की दुपारच्या चहापर्यंत माझं डोकं उठलं होतं. तालुक्याला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. प्रशिक्षण देणारे सर नागपूरहून आले होते. बोलणं गोड, हातात रंगीबेरंगी मार्कर. त्यांनी भिंतीवर एक मोठा कागद लावला, मधोमध गोल काढला, गोलात 'पाणी' असं लिहिलं आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "चला, मनात येईल ते बोला. कोणतंही उत्तर चूक नाही."

हॉलभर शिक्षक बसलेले. रोज दिवसभर बोलण्याचा पगार घेणारी माणसं, पण एकानंही तोंड उघडलं नाही. शेवटी मागून एक जण म्हणाले, "सर, नेमकं काय अपेक्षित आहे?" सर हसले आणि म्हणाले, "अपेक्षित असं काहीच नाही." मग तर सगळेच घाबरले. अर्ध्या तासानं कागदावर 'जीवन', 'पाऊस' आणि 'पाणी अडवा' एवढं जमलं, त्याचा फोटो निघाला आणि जेवणाची सुट्टी झाली.

माझी शाळा देवळीपासून पुढे, डांबरी रस्ता सोडून जरा आत आहे. तिन्ही बाजूंनी सोयाबीन आणि कापूस, चौथ्या बाजूला गाव. मी मूळची आर्वीची, लग्न होऊन देवळीत आले आणि स्कूटीवरून रोज शाळेत जाते. नववीला मराठी शिकवते आणि त्याच वर्गाची वर्गशिक्षिका आहे. माझा स्वभाव तापट आहे हे वर्गातल्या मुलांनाही माहीत आहे आणि घरच्यांनाही. एखादी गोष्ट करायची ठरली की ती झालीच पाहिजे असं मला वाटतं, आणि ती होत नसली की माझा आवाज चढतो. विचारमंथन आवाज चढवून करता येत नाही, ही माझी पहिली अडचण.

प्रशिक्षणाहून आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी फळ्यावर गोल काढला. आत 'रस्ता' लिहिलं. म्हटलं, "रस्ता म्हटलं की तुमच्या मनात काय येतं? काहीही बोला. चूक-बरोबर असं काही नाही."

वर्ग फळ्याकडे बघत बसला. पंखा फिरत होता, त्याचा आवाज येत होता. मग पहिल्या बाकावरच्या मुलानं विचारलं, "मॅडम, हे परीक्षेत येते का?"

"नाही."

"मंग लिहून घ्यायचं का?"

"लिहायचं नाही, बोलायचं."

यावर तो बसला आणि पुन्हा कोणी उठलं नाही. थोड्या वेळानं एक मुलगी मला सांभाळून घेत म्हणाली, "मॅडम, तुमीच सांगा ना, आमी पाठ करून आणतो." तिला वाटलं माझं काही तरी अडलंय आणि आपण मदत करावी.

मला संताप आला, पण तो कोणावर काढावा ते कळेना. आठ वर्षं या मुलांना आपण सांगितलं, विचारल्याशिवाय बोलू नका. विचारलं तर एकच बरोबर उत्तर असतं, ते गाईडमध्ये असतं, गाईड दुकानात असतं. नवव्या वर्षी एक बाई उठते आणि म्हणते काहीही बोला. मुलं काय मूर्ख आहेत? त्यांना यात नक्की काहीतरी फसवणूक वाटली असणार. त्यांच्या जागी मी असते तर मलाही वाटली असती.

तरी मी हट्ट सोडला नाही. चिठ्ठ्या दिल्या, म्हटलं नाव न घालता लिहा. बऱ्याच चिठ्ठ्या कोऱ्या आल्या आणि उरलेल्यांत एकमेकांची बघून लिहिलेलं एकच वाक्य होतं. गट पाडले, तर प्रत्येक गटातलं हुशार पोर लिहीत बसलं आणि बाकीचे खिडकीतून वखर चाललेला बघत राहिले. बाक गोलात मांडले, तेव्हा मुलं खूश झाली, कारण बाक हलवण्यात अर्धा तास गेला.

आमचे मुख्याध्यापक सर एक दिवस दारात येऊन उभे राहिले. हे सर गणिताचे. माणूस वाईट नाही. पण शाळेची सगळी माहिती ऑनलाइन भरायची, दाखले, आधार, खिचडीचा तांदूळ, हे सगळं त्यांच्याच डोक्यावर. त्यामुळे भूमिती शिकवायला त्यांना दिवसाचा शेवटचा तासच मोकळा सापडतो. ते म्हणाले, "मॅडम, विचारमंथनाचा एक फोटो टाका ग्रुपवर. वरून विचारून राह्यले. पोरांचे हात वर दिसले पाह्यजेत."

मी वर्गाला म्हटलं, "हात वर करा." सगळ्यांचे हात वर गेले, एकदम, आनंदानं. फोटो काढला. त्या फोटोत इतकी मुलं हात वर करून बसली आहेत, की बघणाऱ्याला वाटावं आता वर्ग फुटतोच की काय. त्यातल्या एकालाही काही बोलायचं नव्हतं. फोटोला ग्रुपवर भराभर अंगठे आले. ते अंगठे बघून मला घरी जाऊन जेवण गेलं नाही, हे खरं आहे.

मग पोळा आला.

पोळ्याच्या दिवशी आम्ही सगळे शिक्षक संध्याकाळपर्यंत गावात थांबतो. पाटलाच्या घरापुढच्या मैदानात आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, त्याखाली बैलजोड्या ओळीनं उभ्या, शिंगांना रंग, अंगावर झुली. आणि तोरण तुटायच्या आधी झडत्या. आमच्या भागाबाहेरच्यांना झडती माहीत नसते, म्हणून सांगते. एक जण पुढे येतो आणि ठणकावून दोन-चार यमकाच्या ओळी म्हणतो. सरकारवर, सोयाबीनच्या भावावर, सरपंचावर, सावकारावर, सासूवर, ज्याच्यावर म्हणायचं त्याच्यावर. ज्याच्यावर म्हटली तो समोर उभा असला तरी त्या दिवशी त्यानं रागवायचं नाही, असा रिवाज आहे. झडती संपली की सगळा गाव मिळून महादेवाचा गजर करतो आणि लगेच दुसरा पुढे येतो, पहिल्यावर कडी करायला.

त्या दिवशी पुढे आलेल्यांत माझ्या वर्गातली पोरं होती. वर्गात 'रस्ता' या शब्दावर ज्यांना काही सुचलं नव्हतं, त्यांनी त्याच रस्त्यातल्या खड्ड्यांवर, ठेकेदारावर आणि ग्रामसेवकाच्या मोटरसायकलवर उभ्या उभ्या झडत्या रचल्या. सरपंच हसत होता आणि ग्रामसेवक खाली बघत होता. मी शिक्षिकांसोबत ओट्यावर उभी राहून ऐकत होते आणि माझा राग हळूहळू वाढत चालला होता. म्हणजे यांना सगळं सुचतं. फक्त मी काढलेल्या गोलात सुचत नाही.

पोळ्यानंतर शाळा भरली तेव्हा मी फळ्यावर गोल काढलाच नाही. म्हटलं, "आज झडत्या. विषय, आपली शाळा."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. एकानं विचारलं, "खरंच मॅडम? वर्गात?"

"वर्गात."

"कोणावर पण?"

"कोणावर पण. माझ्यावर पण. आज पोळा आहे समजा, कोणी रागवायचं नाही."

थोडी कुजबुज झाली, मग मागच्या बाकावरून एक जण उठला. नववीला शाळेतली खिचडी मिळत नाही, ती आठवीपर्यंतच असते, हे आधी सांगायला हवं.

"आठवीपर्यंत खिचडी भेटे, नववीत येते नुसता वास,
पोटात कावळे वरडून राह्यले, अन् मॅडम घेते मराठीचा तास!"

वर्ग असा ओरडला की शेजारच्या वर्गातले सर बघायला आले. मी हसत होते. त्या महिन्यातलं माझं हे पहिलं हसू असावं. लगेच दुसरा उठला.

"नळ आहे, तोटी नाई, तोटी आहे, पाणी नाई,
पाणी आलं तर सुट्टी झाली, प्यायले मंग कोणी नाई!"

मग थांबेचनात. मुतारीचं दार, पंख्याचा आवाज, चाचणीच्या दिवशीच जाणारी वीज, माझी स्कूटी आणि माझा आवाज. मी पटापट फळ्यावर एकेक शब्द लिहीत होते. फळा भरला. प्रशिक्षणातल्या सरांनी सांगितलेली प्रत्येक गोष्ट होत होती. एकाचं ऐकून दुसऱ्याला सुचत होतं, कोणी कोणाला चूक म्हणत नव्हतं. मला वाटलं, जिंकलं.

तेव्हा दुसऱ्या बाकावरची मुलगी उठली. ही पलीकडच्या गावाहून एस.टी.नं येते. त्या गावाहून नववीत येणारी ती एकटीच उरली होती. बाकीच्या कोणी तालुक्याला मामाकडे राहिल्या, कोणी घरी बसल्या. उंच, काटक, अक्षर सुंदर. वर्गात तोंड कमी उघडायची. ती म्हणाली, "मॅडम, झडत्या माणसं म्हणतात. पोरीनं म्हटली तर चालते का?"

मी म्हटलं, "चालते. म्हण."

तिनं ओढणी नीट केली आणि पोळ्यातल्यासारखा आवाज लावला.

"शेवटचा तास भूमितीचा, गाडी आली फाट्यावर,
अर्धा त्रिकोण वहीत राह्यला, अर्धा घड्याळाच्या काट्यावर!
घंटा जराशी आधी मारा, एवढं बोलून बसतो खाली,
नाई तर पुढच्या पोळ्याले म्हणसान, ते पोरगी कुठी गेली?"

आमच्याकडे मुलीही 'बसतो' म्हणतात, 'येतो' म्हणतात. वर्ग आधी हसला, मग महादेवाचा गजर झाला, आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठा. मी मात्र खडू हातात धरून उभी राहिले. फळ्यावर काय लिहावं ते मला कळलं नाही.

तास संपल्यावर मी तिला थांबवलं. तिनं सांगितलं ते इतकं साधं होतं, की वर्गशिक्षिका असून मला कसं माहीत नव्हतं याचाच मला राग आला. शाळा पाचला सुटते. मागच्या वर्षी फाट्यावर गाडी साडेपाचला यायची. यंदा डेपोनं वेळ बदलली आणि ती पाचच्या आधीच निघून जायला लागली. त्यानंतरची गाडी येते अंधार पडल्यावर, तीही आली तर. म्हणून ती रोज शेवटच्या तासाला अर्ध्यातून उठून फाट्याकडे पळते. पळाली नाही तर अंधार होतो. भूमितीच्या चाचणीत नापास झाली.

"घरी काय म्हणतात?"

"बाबा म्हणते, एक तर धड शिक, नाई तर धड घरी राह्य. हे अर्धं अर्धं काय लावलं?"

"आणि तुला काय वाटतं?"

"मले शिकायचं आहे मॅडम," ती म्हणाली. "भूमिती मले जमते. पुरी शिकाले भेटली तर जमते."

मी तशीच ऑफिसात गेले. मुख्याध्यापक सर संगणकापुढे बसले होते, साइट बंद पडली होती म्हणून ते आधीच वैतागलेले. मी सगळं सांगितलं. म्हटलं, घंटा थोडी आधी मारू. दुपारची सुट्टी तेवढी कमी करू. नाही तर भूमितीचा तास सकाळी घ्या, शेवटचा तास खेळाचा ठेवू, ती खेळाच्या तासातून गेली तरी चालेल.

"शाळेची वेळ वरून मंजूर असते मॅडम. मी माह्या मनानं बदलवली तर उद्या मलेच विचारतीन."

"मग भूमिती सकाळी."

"सकाळी हे कोण भरन?" त्यांनी संगणकाकडे हात केला. ते खोटं बोलत नव्हते. मग जरा हळू आवाजात म्हणाले, "अन् मॅडम, तुमाले विचारमंथन कराले सांगतलं होतं, मागण्या गोळा कराले नाई."

मी शनिवारी डेपोत गेले. तिथले साहेब नम्रपणे बोलले. त्यांचं म्हणणं, ही गाडी कितीतरी गावं करते, एका शाळेसाठी मागे-पुढे करता येत नाही, शाळेनंच आपली वेळ जरा अलीकडे घ्यावी. शाळा म्हणते गाडीनं बदलावं, गाडी म्हणते शाळेनं बदलावं. दोघंही शहाणे आणि दोघांचंही बरोबर. मी परत येताना स्कूटीवर एकटीच मोठ्यानं भांडत होते, समोरून येणारा एक बैलगाडीवाला माझ्याकडे बघत राहिला.

मधल्या सुट्टीत मी तिला भूमिती शिकवायचा प्रयत्नही केला. त्रिकोणाशी माझं दहावीनंतर बोलणं बंद आहे. एक प्रमेय मी तिला उलटं समजावलं, आणि तिनं ते माझ्यासमोरच सुलटं केलं, मला वाईट वाटू नये म्हणून अगदी हळूच. ते दोन-तीन दिवस चाललं आणि बंद पडलं, कारण मधल्या सुट्टीत मला खिचडी वाटायची असते.

तेवढ्यात शिक्षण विभागातल्या एका साहेबांची भेट लागली. शाळा-भेटीला येणारे हे अधिकारी नवोपक्रमांचे शौकीन आहेत अशी ख्याती होती. मुख्याध्यापक सरांनी घोर लावून घेतला. त्यांनी मला न विचारता नववीच्या वर्गात जाऊन विचारमंथनाची तयारी करून घेतली. म्हणजे फळ्यावर गोल, गोलात 'पाणी', आणि मुलांना उत्तरं वाटून दिली. तू ठिबक सिंचन, तू जलसंधारण, तू शेततळं. ज्याला काहीच आठवत नाही त्यानं 'जीवन' म्हणायचं. मुलांनी आपापला विचार पाठ केला. मी हे ऐकलं तेव्हा हसावं की डोकं आपटावं ते कळेना. मुलं मात्र निर्धास्त होती. आता त्यांना ओळखीचं काहीतरी मिळालं होतं.

भेटीच्या आदल्या दिवशी मी त्या मुलीला विचारलं, "साहेबांसमोर तुझी झडती म्हणशील?"

तिनं सरळ विचारलं, "मंग घंटा बदलन का?"

"माहीत नाही. पण ज्यांना बदलता येतं त्यांच्या कानावर तरी पडेल."

ती म्हणाली, "बरं. म्हणतो."

साहेब आले. नारळ, शाल, चहा झाला. नववीत आल्यावर मुलांनी ओळीनं विचार केला. ठिबक सिंचन, जलसंधारण, शेततळं. एकाचा विचार दुसऱ्यानं आधीच म्हटला, तेव्हा पहिला रडकुंडीला आला आणि मुख्याध्यापक सरांकडे बघायला लागला. साहेब मोबाईल बघत होते. शेवटी त्यांनी जांभई आवरून विचारलं, "अजून वेगळं काही करता का मॅडम?"

मुख्याध्यापक सर माझ्याकडे बघत होते. त्यांचे डोळे काय म्हणत होते ते मला नीट कळत होतं. मी म्हटलं, "झडत्या करतो साहेब."

साहेबांचा चेहरा उजळला. ते मोबाईल उभा धरून पुढे येऊन बसले. खिचडीची झाली, नळाची झाली. ते मनापासून हसले. मग ती उठली. तिनं त्या दिवशी ओढणीला पिन लावली होती. आवाज जराही कापला नाही. 'घंटा जराशी आधी मारा' म्हणताना ती साहेबांकडेच बघत होती, आणि शेवटची ओळ तिनं अगदी सरळ विचारली.

साहेब उठून टाळ्या वाजवायला लागले. "वा! लोककलेतून विचारमंथन. असं पाहिजे. आपल्या मातीतलं पाहिजे." त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली, नाव विचारलं, मोठी हो म्हणाले. ती उभीच होती. तिला वाटत होतं पुढचं वाक्य आता येईल. ते आलं नाही, तेव्हा ती बसली.

मी साहेबांना गाडीपाशी गाठलं. "साहेब, त्या मुलीनं म्हटलं ते खरं आहे. घंटेचं आणि गाडीचं."

"हो ना, किती सहज मांडलं तिनं. यमक बघा, फाट्यावर, काट्यावर."

"साहेब, शाळेची वेळ थोडी अलीकडे घ्यायला तुमची परवानगी मिळाली तर..."

ते समजुतीनं म्हणाले, "मॅडम, उपक्रम वेगळा, प्रशासन वेगळं. तुम्ही उपक्रम करत राहा. मुलं व्यक्त झाली, हे महत्त्वाचं."

गाडी गेली. मी फाटकात उभी राहिले आणि माझ्या तोंडात अशा शिव्या आल्या की मराठीच्या शिक्षिकेला शोभल्या नसत्या.

संध्याकाळपर्यंत साहेबांनी काढलेला व्हिडिओ सगळ्या ग्रुपांवर फिरला. अंगठे, फुलं, जोडलेले हात. देवळीच्या किराणा दुकानात दुकानदारानं मला थांबवून दाखवला. मुख्याध्यापक सरांचा राग पळाला, शाळेला प्रशस्तिपत्र आलं, ते त्यांनी ऑफिसात लावलं. दोन दिवसांनी मी मुलीला विचारलं, घरी पाहिला का.

"पाह्यला. बाबाच्या मोबाईलवर आलता."

"काय म्हणाले?"

"म्हणे, बोलली चांगली. मंग पुढं काय झालं?" ती माझ्याकडे बघत राहिली. तो प्रश्न आता तिचाही होता. मी तिला सांगितलं, प्रयत्न चालू आहे. मी खरंच पुन्हा दोनदा ऑफिसात भांडले होते. पण सांगताना मलाच ते ऑफिसातल्या माणसासारखं वाटलं.

दिवाळीनंतर दिवस लहान झाले. शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात एक दिवस ती पळाली नाही, भूमितीचा तास पूर्ण बसली. मुख्याध्यापक सरांनी तिला फळ्यावर बोलावलं आणि तिनं प्रमेय पूर्ण सोडवलं, असं त्यांनीच मला नंतर कौतुकानं सांगितलं. त्या दिवशी अंधारातली गाडी आलीच नाही. ती फाट्यावर एकटी उभी राहिली. शेवटी तिच्या गावातला कोणी ओळखीचा ट्रॅक्टरवाला दिसला, त्याच्या मागे बसून घरी पोचली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्यानंतरही नाही.

मी रविवारी तिच्या घरी गेले. वेचणीचे दिवस, अंगणात कापसाचा ढीग होता. वडील खाटेवर बसले होते, मला बघून उठले, खुर्ची आणायला सांगितली. ओरडणारा माणूस नव्हता तो. मला वाटलं होतं भांडावं लागेल, म्हणून मी वाटेत सगळं तयार करून आले होते. त्यातलं काहीच लागलं नाही.

"मॅडम, मी काई शिक्षणाच्या इरोधात नाई. मी दहावी झालेला माणूस आहो. त्या दिवशी मी फाट्यापर्यंत गेलतो तिले पाह्यले, वाटेत अंधारात तो ट्रॅक्टर वळखू नाई आला, अन् फाट्यावर कोणीच नाई. माह्या जिवाचं काय झालं असन? तुमीच सांगा."

मी म्हटलं, थोडे दिवस थांबा, मी पुन्हा वर बोलते.

"किती दिवस झाले बोलून. घंटा हलून नाई राह्यली, गाडी हलून नाई राह्यली. मंग हलायचं कोणी? माह्याच पोरीनं?"

मी तिला माझ्या घरी ठेवून घेते असंही म्हणून पाहिलं. ते म्हणाले, "तुमचा मोठेपणा आहे, पण वयात आलेली पोरगी दुसऱ्याच्या घरी नाई ठेवत मी." तिनं चहा आणला. कप माझ्या हातात देताना तिनं विचारलं, "मॅडम, समरूप त्रिकोण झाले का शिकवून?" मी म्हटलं, चालू आहेत. ती आत गेली आणि पुन्हा बाहेर आली नाही.

फेब्रुवारीत वर्ध्याला जिल्ह्याचा मेळावा झाला आणि त्यात मला बोलावणं आलं, झडत्यांचा उपक्रम मांडायला. मी नाही म्हणणार होते. मग ठरवलं, जायचं आणि बोलायचं. हॉल भरलेला होता. वडनेरकडचे, आर्वीकडचे, सगळीकडचे शिक्षक. व्यासपीठावर तेच जुलैतले सर, तेच मार्कर. त्यांनी माझी ओळख करून दिली आणि पडद्यावर व्हिडिओ लावला.

पडद्यावर ती खूप मोठी दिसत होती. ओढणीची पिनसुद्धा दिसत होती. प्रत्येक ओळीला हॉल हसला. 'घड्याळाच्या काट्यावर'ला दाद आली. 'ते पोरगी कुठी गेली?' झालं आणि सगळा हॉल टाळ्यांनी भरला, मागून कोणी महादेवाचा गजरही केला. सर म्हणाले, "पाहिलंत? कोणतंही उत्तर चूक नसतं, एवढा विश्वास दिला की मुलं अशी बोलतात. कोणाला काही विचारायचं आहे?"

मागच्या रांगेतले एक शिक्षक मजेत ओरडले, "मॅडम, मंग कुठी गेली ते पोरगी?"

पुन्हा हशा झाला. मी माइक हातात घेतला आणि म्हटलं, "घरी."

त्यांना तोही विनोदच वाटला. हशा चालूच राहिला. मी थांबले आणि पुन्हा म्हटलं, "घरी आहे. दिवाळीपासून शाळेत येत नाही. घंटा होती तिथेच आहे, गाडी होती तिथेच आहे. तिनं चार ओळींत सगळं सांगितलं होतं. तुम्ही आत्ता पुन्हा ऐकलंत आणि पुन्हा टाळ्या वाजवल्यात." माझा आवाज चढला होता. मी तो उतरवला नाही.

कोणी खुर्ची सरकवली. ज्यांनी ओरडून विचारलं होतं ते खाली बघत होते. सरांचाही चेहरा पडला, ते खरंच कळवळले असावेत. त्यांनी मान हलवली, म्हणाले, "फार गंभीर मुद्दा आहे. मॅडमनी डोळे उघडले आपले. आपण असंच पुढे जाऊन चालणार नाही." मग ते भिंतीकडे वळले, जुना कागद काढला, नवा लावला, मधोमध गोल काढला आणि गोलात 'गळती' असं लिहिलं.

"चला," ते म्हणाले, "मनात येईल ते बोला. कोणतंही उत्तर चूक नाही."

मी जागेवरूनच म्हटलं, "घंटा जराशी आधी मारा."

त्यांनी ते नीट अक्षरात लिहून घेतलं, खाली निळी रेघ ओढली आणि पुढचा हात कोणाचा वर आहे ते बघू लागले.